आरटीईची पोरं वर्गात बसली, आता त्यांना कळूही द्या: इंग्रजी माध्यमाच्या शाळांना खुलं पत्र

प्रति,
इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक, आणि रोज पन्नास-साठ मुलांसमोर उभे राहणारे माझे शिक्षक मित्र-मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते, कारण पीटीएमला, म्हणजे पालक-शिक्षक सभेला, जे दोन मिनिटात उरकलं जातं तेच मला इथे सविस्तर बोलायचंय. मी पिंपरी-चिंचवडला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षं सायन्स शिकवलं, पाचवी ते आठवी. आता नोकरी सोडलीये आणि संध्याकाळी घराजवळच्या वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेते. येणारी बरीचशी मुलं आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून तुमच्याच शाळांमध्ये शिकतात. म्हणजे सकाळी तुमच्या वर्गात काय शिकवलं गेलं आणि त्यातलं मुलापर्यंत काय पोचलं हे मला संध्याकाळी वह्या उघडल्या की दिसतं. शाळा वेगवेगळ्या, युनिफॉर्म वेगवेगळे, पण डायरीतला लाल पेनाचा रिमार्क मात्र सगळीकडे सारखाच. "घरी इंग्लिशमध्ये बोला."

अहो कोणी बोलायचं? बाबा टेम्पो चालवतात, आई दोन ठिकाणी पोळ्या करते, आजी गावाकडची. घरात इंग्रजी नाही म्हणूनच तर या लोकांनी सोडतीत पोराचं नाव घातलं ना, उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला खेटे मारले, मोबाईलवर मेसेज येतो का म्हणून दिवसदिवस वाट बघितली. आणि नंबर लागल्यावर शाळा त्यांना सांगणार की तुम्ही आधी घरात इंग्रजी आणा, मग आम्ही बघू. हे म्हणजे दवाखान्यात गेलेल्या माणसाला बरे होऊन या म्हणण्यासारखं झालं.

बरं, पालक हा सल्ला खरंच मनावर घेतात, ते जास्त वाईट आहे. खानदेशातून आलेली एक आई आहे, अहिराणीत बोलायला लागली की गावातल्या एका लग्नाचा वृत्तांत तासभर सांगेल, कोण रुसलं, कोण जेवलं नाही, सगळं तपशीलवार, आणि तिचा मुलगा तोंड उघडं टाकून ऐकायचा. डायरीतला रिमार्क कोणीतरी वाचून दाखवल्यापासून ती त्याच्याशी "कम, सीट, ईट, स्लीप" एवढंच बोलते. चुकीचं बोलायला नको म्हणून बाकी गप्प. त्या पोराचं इंग्रजी तर वाढलं नाहीच, पण ज्या भाषेत तो का, कसं, मग पुढे काय असं विचारू शकत होता तीही घरातून गेली. ज्या मुलाला एका भाषेत गोष्ट नीट सांगता येते त्याला दुसऱ्या भाषेत ती सांगायला शिकवणं सोपं असतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघितलंय. तेव्हा पहिली विनंती हीच, की तो रिमार्क लिहिणं बंद करा. लिहायचंच असेल तर लिहा की घरी जी भाषा असेल, मराठी, अहिराणी, लमाणी, वडारी, भोजपुरी, त्यात मुलाशी भरपूर बोला, आज शाळेत काय शिकवलं ते त्याला तुमच्या भाषेत सांगायला लावा.

आता तुमच्या बाजूचं पण बोलते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती पालकांचीच री ओढते. आरटीईची प्रतिपूर्ती, म्हणजे या मुलांच्या फीचे शासनाकडून येणारे पैसे, वेळेवर मिळत नाही, रकमा थकतात, संस्थाचालक शासनाच्या दारात चकरा मारतात, हे सगळं खरंय आणि याबद्दल तुम्ही आवाज उठवलात तर मी तुमच्यासोबत आहे. शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ ला अधिसूचना काढून सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना या कोट्यातून सूट दिली होती, तेव्हा बऱ्याच स्टाफ रूममध्ये सुटकेचा निःश्वास टाकला गेला हेही मला माहितीये. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला ती अधिसूचना रद्द केली. मुलं येणार आहेत, येत राहणार आहेत. पण थकबाकीचा राग आणि मुलाच्या वहीतला गोंधळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शासनाने सगळी थकबाकी उद्या भरली तरी ज्या पद्धतीने आपण शिकवतो त्या पद्धतीत त्या पोराला काही कळणार नाहीये.

"आम्ही भेदभाव करत नाही, सगळ्यांना सारखंच शिकवतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. आणि म्हणणारे मनापासून म्हणतात, खोटं नाही. पण यावर एक जुना निकाल आहे, अमेरिकेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमध्ये चिनी घरांतली मुलं होती, इंग्रजी येत नव्हतं, आणि त्यातल्या जवळपास १,८०० मुलांना भाषेसाठी वेगळी काहीच मदत मिळत नव्हती. पालक कोर्टात गेले. शाळांचं म्हणणं तेच, सगळ्यांना एकच पुस्तक, एकच शिक्षक, एकच अभ्यासक्रम, मग अन्याय कुठे? १९७४ साली लाऊ विरुद्ध निकोल्स या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासमोर तेच पुस्तक आणि तोच शिक्षक ठेवला म्हणून समान वागणूक होत नाही, त्या मुलासाठी शिक्षणाचं दार बंदच आहे. त्यानंतर तिथल्या शाळांना अशा मुलांसाठी काहीतरी करणं भाग पडलं. सगळं छान झालं असं नाही, तिथेही रडगाणी आहेतच, पण निदान "सारखंच शिकवतो" हे उत्तर चालेनासं झालं.

आपल्याकडेही कायद्यात आहे बरं का. आरटीई म्हटलं की सगळ्यांना फक्त १२(१)(क) आठवतं, ते २५ टक्क्यांचं. त्याच कायद्याचं कलम २४ काढून बघा, शिक्षकांची कर्तव्यं लिहिलीयेत, त्यात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून लागेल तसं जादा शिकवणं हे एक आहे. कलम २९ मध्ये शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावं असं म्हटलंय. आणि कलम २८ नुसार शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाहीये. तरी पीटीएमला हळूच "ट्युशन लावा" सांगितलं जातं, कुठली लावायची तेही सुचवलं जातं. असो, त्यावर एक वेगळं पत्र होईल.

मूळ अडचण अशी की ही मुलं वर्गात अडलेली दिसतच नाहीत. वही बघा, अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं, मार्जिन, तारीख, अंडरलाईन, सगळं. टीचर म्हणते व्हेरी गुड, स्टार देते. संध्याकाळी मी त्याच पानावरची तिसरी ओळ वाच म्हणते तर वाचता येत नाही. अक्षरांची चित्रं काढलीयेत त्याने. वर्गात "अंडरस्टूड?" विचारलं की सगळ्यांसोबत "येस टीचर" ओरडतो, आणि प्रश्न विचारला तर शेजारच्याच्या ओठांकडे बघून अर्धा सेकंद उशिरा तेच म्हणतो. यात तो इतका तरबेज होतो की चौथीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

मग टीचर म्हणते, "नाही हो, त्याला इंग्लिश येतं चांगलं, माझ्याशी बोलतो की." हो, बोलतो. मे आय गो टू टॉयलेट, टीचर ही इज टेकिंग माय पेन्सिल, टुडे आय नॉट ब्रिंग टिफिन. कॅनडात जिम कमिन्स म्हणून भाषा-शिक्षणाचे अभ्यासक आहेत, त्यांनी १९७९ मध्येच ही दोन प्रकारची भाषा वेगळी करून दाखवली होती. मैदानावरची, डब्याची, भांडणाची भाषा साधारण दोनेक वर्षांत येते. पण पुस्तकातली, उत्तरं लिहायची, कारणं द्यायची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि हे अशा देशातलं, जिथे दुकानात, बसमध्ये, टीव्हीवर सगळीकडे इंग्रजीच आहे. आमच्या पोरांना इंग्रजी फक्त शाळेच्या गेटच्या आत. आता हिशोब करा. पहिलीत आलेलं मूल सगळं नीट झालं तरी सहावी-सातवीत पुस्तकाच्या भाषेला पोचणार, आणि आठवी संपली की आरटीई संपलं, नववीपासून फी भरा नाहीतर शाळा बदला. त्यातून आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आलीये, फेरपरीक्षेत पण नाही जमलं तर त्याच वर्गात बसायचं. म्हणजे भाषेची सगळी वर्षं "हळूहळू येईल" म्हणत घालवली तर ते मूल नेमकं कळायला लागतं त्या वेळेला बाहेर पडतं.

एक उदाहरण सांगते. सातवीतला मुलगा, वडील उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला माठ विकतात. युनिट टेस्टला प्रश्न आला होता, मातीच्या भांड्यातलं पाणी गार का होतं, अर्थात इंग्रजीत. त्याने लिहिलं, "बिकॉज द वॉटर इज कूल इन द पॉट." पाचपैकी अर्धा मार्क. तो पेपर माझ्यासमोर ठेवून बसला होता, मी प्रश्न मराठीत सांगितला तर माझ्याकडे असा बघायला लागला की हे विचारलं होतं? "मॅडम, माठ पाझरतो ना, ते बाहेरचं पाणी उडून जातं, जाताना आतली गरमी घेऊन जातं. म्हणून तर नवा माठ जास्त गार करतो, जुन्याची बारीक भोकं क्षाराने बुजतात. गिऱ्हाईक सांगतात ना गार होत नाही म्हणून, बाबा सांगतात काथ्याने घासा." मी विचारलं मग पावसाळ्यात का नाही होत एवढं गार? तर म्हणाला, "तेव्हा हवेतच पाणी असतं, अजून कुठे उडणार."

मी बीएस्सी केलंय हो. बाष्पीभवन, आर्द्रता, सच्छिद्र पदार्थ, तीन धडे होते त्या उत्तरात, आणि पेपरवर अर्धा मार्क. प्रश्नातलं ते "अर्दन पॉट", म्हणजे मातीचं भांडं, त्याला पृथ्वीबद्दल काहीतरी वाटलं होतं म्हणे. ज्या टीचरने पेपर तपासला तिची चूक नाही, कागदावर जे होतं त्याला अर्धाच मार्क बसतो. चूक अशी की त्या मुलाला काय माहितीये हे बाहेर काढायचा दुसरा कुठलाच रस्ता शाळेने ठेवला नव्हता.

तर आता रस्त्यांबद्दलच बोलू, आणि मी काही ट्रेनिंगमधल्या पीपीटीसारखं बोलणार नाहीये. पस्तीस-चाळीस मिनिटांचा पिरियड, पन्नासच्या वर मुलं, त्यात कुणीतरी सर्क्युलर घेऊन येणार, हे सगळं धरूनच सांगते.

समजा पचनसंस्था शिकवायचीये. आपण काय करतो, पुस्तक उघडा पान अमुक, एकेकाने उठून एकेक परिच्छेद वाचा, मध्येमध्ये मी समजावते, शेवटी फळ्यावर उत्तरं. यात ज्याला वाचता येत नाही तो स्वतःची पाळी कधी येणार ते मोजत बसतो, त्याचं धड्याकडे लक्षच नसतं. त्याऐवजी पहिली पाच-सात मिनिटं पुस्तक बंद. सकाळी काय खाल्लं? पोहे. कुणी चपाती-चहा. मग ती चपाती गेली कुठे? मराठीत, हिंदीत, कशातही सांगू द्या, अन्ननलिकेपासून शेवटापर्यंत, पोरं हसतील, हसू द्या. कोणी सांगेल पोटात ॲसिड असतं, कोणी सांगेल आमच्या आजोबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. तेवढ्यात फळ्यावर माणसाची ढोबळ आकृती काढा आणि सहा-सात शब्द, जास्त नाही, बाणाने जोडा. माऊथ, फूड पाइप, स्टमक, स्मॉल इंटेस्टाइन. हे शब्द सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणून घ्या, हात त्या त्या जागी ठेवून. मग पुस्तक उघडा. आता त्या पोराला पानावर निदान सात ओळखीचे चेहरे दिसतील, आणि गोष्ट काय चाललीये हे त्याला आधीच माहितीये.

मग शेवटची पाच मिनिटं, उत्तर उतरवून देण्याऐवजी फळ्यावर अर्धं वाक्य लिहा, "फूड गोज फ्रॉम... टू...", "इन द स्टमक, फूड इज...", आणि शेजारच्याशी आधी बोलू द्या, हव्या त्या भाषेत, दोन मिनिटं. मग एकेका जोडीने एक पूर्ण वाक्य इंग्रजीत म्हणायचं. ज्याला इंग्रजी येतं तो स्वतःचं लांबलचक वाक्य करेल, ज्याला येत नाही तो फळ्यावरच्या अर्ध्या वाक्याला धरून पूर्ण करेल. दोघांनी एकाच धड्यावर काम केलं, कुणाचा वेगळा वर्ग काढावा लागला नाही, कुणाला मान खाली घालावी लागली नाही.

आणि थांबा. म्हणजे खरंच थांबा, प्रश्न विचारल्यावर. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांमधली रेकॉर्डिंग ऐकून बघितलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तीनेक सेकंद थांबलं तरी जास्त मुलं बोलायला लागतात, लांब उत्तरं देतात. आता ज्या मुलाला प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणायचाय, उत्तर शोधायचंय आणि पुन्हा इंग्रजीत न्यायचंय त्याला सेकंदात कसं जमेल? वर्गात तीन-चार सेकंद शांतता फार मोठी वाटते, मला माहितीये, मनात आकडे मोजायचे.

गणिताच्या टीचरांना एकच सांगते, शाब्दिक उदाहरण आधी वाचून दाखवा, मग अडतंय कुठे ते बघा. वजाबाकी येत नाही असा शेरा असलेली माझ्याकडची किती पोरं वजाबाकी झटक्यात करतात. "हाऊ मेनी मोअर" दिसलं की मोअर म्हणजे जास्त म्हणून बेरीज करून मोकळी होतात, बस.

सिलॅबस पूर्ण कसा होणार? हा प्रश्न येणारच. पण परीक्षेआधी आपण जी दोन-दोन आठवडे रिव्हिजन घेतो, क्वेश्चन बँक पाठ करून घेतो, तेच प्रश्न तीच उत्तरं, ती कशामुळे घ्यावी लागते? पहिल्यांदा कळलं नाही म्हणूनच ना. पहिल्यांदा सात मिनिटं जादा दिली तर शेवटी वेळ उरतो, हा माझा अनुभव.

दुसरी अडचण तुम्ही मला खाजगीत सांगता ती, की वर्गात मराठी बोललं तर फी भरणारे पालक तक्रार करतात. करतात, मीही ऐकून घेतलंय. पण त्या पालकांची मुलं पण बघा जरा. दुकानदाराचा मुलगा, पोलिसाची मुलगी, बँकेतल्या क्लार्कचा मुलगा, यांच्या घरी तरी कुठे इंग्रजी आहे? फरक एवढाच की त्यांना ट्युशन परवडते, आणि ट्युशनवाली बाई त्यांना तोच धडा मराठीतच समजावते. म्हणजे मराठी वापरली जातेच, फक्त शाळेबाहेर आणि पैसे देऊन. पालकांना हे सरळ सांगा, पीटीएमला एक धडा असा घेऊन दाखवा, मग बघू किती तक्रारी राहतात. नवं शैक्षणिक धोरण २०२० पण शक्य तिथे पाचवीपर्यंत मातृभाषेचाच आग्रह धरतं, हवं तर त्याची प्रिंट काढून नोटीस बोर्डाला लावा.

हे बोलतेच आहे तर दंडाचं पण बोलून घेते. मराठी बोललं की पाच रुपये, मॉनिटरकडे नावांची यादी, कुठे गळ्यात पाटी. सगळीकडे नाही, मान्य, पण माझ्याकडच्या मुलांच्या डायऱ्यांत "स्पोक इन मराठी, फाइन" असं मी स्वतः वाचलंय, महाराष्ट्रात. कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेसोबत मानसिक त्रासालाही बंदी आहे. आणि ते बाजूला ठेवा, व्यवहाराचं बघा. दंड लागणार म्हटल्यावर ज्याला इंग्रजी येत नाही तो इंग्रजी बोलायला लागत नाही, तो बोलायचाच थांबतो. न बोलता कुठली भाषा आली हो कुणाला?

तुमच्या शाळेत एक माणूस आहे ज्याला या कामात कुणी विचारतच नाही. मराठीचे टीचर. २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांमध्ये पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, म्हणजे प्रत्येक शाळेत मराठी शिकवणारं कुणीतरी आहेच. आणि त्यांचा स्टाफ रूममधला मान काय असतो तेही सगळ्यांना माहितीये, गॅदरिंगची निवेदनं लिहा, १ मेला भाषण बसवा, प्रॉक्सीला जा. त्यांना सायन्स आणि एसएसटीच्या (इतिहास-भूगोलाच्या) टीचरसोबत आठवड्यातून एक पिरियड बसवा, पुढच्या धड्यातले अवघड शब्द काढा, सोप्या मराठीत अर्थ लिहा, मुलांना घरी पाठवा. आणि इथे एक गंमत करू नका, पुस्तकी मराठी लादू नका. प्रकाशसंश्लेषण हा शब्द पण या पोरांना फोटोसिंथेसिसइतकाच परका आहे. पान उन्हात जेवण बनवतं, इथून सुरू करा.

राज्य मंडळाच्या इंग्रजी शाळांना तर एक आयता फायदा आहे जो जवळपास कुणी घेत नाही. बालभारतीचं सामान्य विज्ञानाचं पुस्तक मराठीत पण आहे आणि इंग्रजीत पण आहे, तेच धडे, त्याच क्रमाने, चित्रंही तीच. पीडीएफ फुकट मिळतात. वर्गाच्या कपाटात मराठी पुस्तकाच्या पाच-सहा प्रती ठेवल्या तर अडलेलं मूल आकृती शेजारी-शेजारी ठेवून स्वतः शोधू शकतं. माझ्याकडे मुलं हेच करतात, आधी मराठीतलं पान वाचतात, मग इंग्रजीतलं, आणि तिसऱ्या-चौथ्या धड्यानंतर काही जण मराठी पुस्तक उघडायचं विसरतात. शासनाने मराठी शाळांसाठी पहिलीपासून द्विभाषिक पुस्तकं काढली, दोन भाषा एका पानावर, मग इंग्रजी शाळेतल्या पोराने दोन पुस्तकं शेजारी ठेवली तर काय बिघडलं. सीबीएसईवाल्यांना मराठीत हे मिळणार नाही, त्यांना शब्दांच्या याद्या स्वतःच कराव्या लागतील.

पेपरबद्दल. वार्षिक परीक्षा राहू द्या, युनिट टेस्ट आणि तोंडी परीक्षा तर तुमच्या हातात आहे ना? प्रश्न एकदा मोठ्याने वाचून दाखवला तर कॉपी होत नाही. नावं दिलेली आकृती हे उत्तर धरा. सायन्सच्या पेपरात सायन्सला मार्क द्या, स्पेलिंगला इंग्लिशचा पेपर आहे. त्या माठवाल्या पोराला दोन मिनिटं उभं करून तोंडी विचारलं असतं तरी झालं असतं.

दोन गोष्टी कृपा करून करू नका. एक, आरटीईच्या मुलांची वेगळी तुकडी. काही ठिकाणी डी डिव्हिजन म्हणजे तीच असं सगळ्या शाळेला माहिती असतं. ज्यांच्याकडून इंग्रजी कानावर पडणार त्या मुलांपासूनच यांना तोडलं तर उरलं काय? दुसरं, पीटी आणि ड्रॉइंगच्या तासाला बाहेर काढून "रेमेडियल". त्या दोनच तासांना हे पोरगं इतरांच्या बरोबरीचं असतं, कधी पुढेही असतं, तेवढे तरी ठेवा त्याला.

शिक्षक मैत्रिणींनो, तुम्हाला काय पगार मिळतो, किती वह्या तपासायच्या असतात, मला सगळं माहितीये. आणि एक गोष्ट आपण आपसात तरी मान्य करू. आपल्यातल्या कितीतरी जणींचं शिक्षण मराठी माध्यमातच झालंय. वर्गात मराठीचा शब्द निघाला तर मॅनेजमेंट काय म्हणेल या भीतीने आपण गाईडमधली वाक्यं धरून शिकवतो, मुलाने आडवा प्रश्न विचारला की "डोंट आस्क सिली क्वेश्चन" म्हणून वेळ मारून नेतो, कारण उत्तर माहिती असतं पण इंग्रजीत पटकन येत नाही. मग दोन्ही बाजूंनी गप्पच. मुख्याध्यापकांनी जर लेखी सांगितलं की धडा समजावताना मुलांची भाषा वापरायला हरकत नाही, तर मुलांइतक्याच टीचरही मोकळ्या होतील. सर्क्युलर एका ओळीचं आहे, एवढं तरी जूनमध्ये काढा.

बाकी, पाचवी ते आठवी सायन्सच्या धड्यांसाठी मी शब्द, फळ्यावर काढायची चित्रं आणि ती अर्धी वाक्यं एका रजिस्टरमध्ये लिहून ठेवलीयेत, राज्य मंडळाच्या पुस्तकाप्रमाणे. कुठल्याही शाळेने झेरॉक्स करून न्यावं, पैसे नकोत. शनिवारी दुपारी मी मोकळी असते, सायन्सच्या टीचरला पाठवा आणि सोबत मराठीच्या टीचरलाही पाठवा, एकट्या सायन्सवालीला घेऊन बसण्यात अर्थ नाही. फक्त पहिल्या युनिट टेस्टच्या आधी या, नंतर सगळ्यांच्या डोक्यात पेपर तपासणी असते.

आपली,
एक माजी सायन्स टीचर,
पिंपरी-चिंचवड